लिनक्सवर गेम खेळायचेत? गोव्यातले मित्र, भाचे, शेजारी सगळे विचारतात ते प्रश्न

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून फोंडा, डिचोली, म्हापसा, मडगाव, जिथून फोन येतो तिथून विषय एकच. पीसी चांगला चालतोय पण विंडोज ११ त्याला घेत नाही, लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम, टाकली तर गेमचं काय होणार? प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो, "लिनक्स चांगलं का विंडोज" हा वाद बाजूला ठेवा आणि आपण रोज कुठले गेम खेळतो त्यांची यादी कागदावर काढा. तुमचं उत्तर त्या यादीतच आहे.

खरंच चालतात का गेम, की नुसतं बोलायचं म्हणून बोलतात?

चालतात. दहा वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर मीच नको म्हटलं असतं, पण २०१८ च्या ऑगस्टमध्ये व्हॉल्व्ह कंपनीने स्टीममध्ये, म्हणजे त्यांच्या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या ॲपमध्ये, विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारा प्रोटॉन आणला आणि चित्रच बदललं. २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांचा स्टीम डेक आला, तो हातात धरून खेळायचा छोटा पीसी, आत सगळं लिनक्स. त्याच्यावर गेम नीट चालले पाहिजेत म्हणून त्यांनी जे काम केलं त्याचा फायदा आपल्या घरच्या पीसीलाही मिळतो, कारण सॉफ्टवेअर तेच आहे. ऑक्टोबर २०२५ च्या स्टीम सर्व्हेत लिनक्सवाले पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेले. आकडा लहान दिसतो पण स्टीम वापरणारे जगात किती आहेत ते बघा, म्हणजे कळेल.

एकट्याने खेळायचे स्टोरीवाले गेम बहुतेक सगळे चालतात. अडतं ते ऑनलाइनवाल्यांपाशी, आणि तिथेही सगळीकडे नाही.

विंडोजचा गेम लिनक्सवर चालतो कसा? आत विंडोज लपवलेलं असतं का?

नाही. गेम जेव्हा विंडोजला सांगतो की ही फाइल उघड, हा आवाज वाजव, तेव्हा ती मागणी मधल्या मधे पकडून लिनक्सला समजेल अशी करून द्यायची, हे काम वाइन नावाचं सॉफ्टवेअर करतं. ते १९९३ पासून बनतंय, म्हणजे आता गेम खेळणाऱ्या बहुतेक पोरांपेक्षा वयाने मोठं आहे. अडचण होती ती ग्राफिक्सची, कारण विंडोजचे गेम डायरेक्टएक्स नावाच्या ग्राफिक्सच्या भाषेत बोलतात आणि लिनक्सवर ती नाहीच. मग डीएक्सव्हीके आलं, ते डायरेक्टएक्स ११ पर्यंतचं बोलणं व्हल्कन या लिनक्सला कळणाऱ्या ग्राफिक्सच्या भाषेत करतं, आणि डायरेक्टएक्स १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन आहे. वाइन, ही दोन आणि आणखी काही तुकडे एकत्र बांधले की झाला प्रोटॉन. गेमच्या प्रत्येक सूचनेचं भाषांतर होतंय पण प्रोसेसर तोच, ग्राफिक्स कार्ड तेच, त्यामुळे स्पीड फारसा पडत नाही आणि एएमडी कार्डावर तर कधी कधी विंडोजपेक्षा बरा मिळतो. एल्डन रिंग आला तेव्हा विंडोजवर तो मधे मधे अडखळायचा, लोक वैतागले होते, आणि व्हॉल्व्हच्या लोकांनी व्हीकेडी३डी-प्रोटॉनमध्येच सुधारणा करून स्टीम डेकवर तो जास्त गुळगुळीत चालवून दाखवला. सगळा कोड उघडा असल्यामुळे हे करता येतं, मला या सगळ्यातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

व्हॅलोरंट चालतो का?

नाही. आणि चालेल अशी आशा ठेवून लिनक्स टाकू नका, कोणी "एक ट्रिक आहे" म्हणाला तरी नको, अकाउंट बॅन होईल.

कारण समजून घ्या म्हणजे बाकीच्या गेमचंही कळेल. चीटिंग पकडायला काही गेम विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये, आपला ड्रायव्हर बसवतात. व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड तसाच आहे, आणि २०२४ मध्ये तो लीग ऑफ लेजंड्सलाही लावला तेव्हा लिनक्सवर खेळणारे एका झटक्यात बाहेर पडले. प्रोटॉनमध्ये विंडोजचं कर्नल नसतंच, तर तो ड्रायव्हर बसणार कुठे? दुसऱ्या बाजूला ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय हे दोन मोठे अँटी-चीट २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात, पण गेम बनवणाऱ्याने ते चालू करायला हवं. काहींनी केलं, म्हणून एल्डन रिंग ऑनलाइन, हेलो इन्फिनिट, आर्मा ३ चालतात. काहींनी केलं नाही, म्हणून फोर्टनाइट, रस्ट, रेनबो सिक्स सीज, पब्जीची पीसी आवृत्ती चालत नाहीत. आणि एपेक्स लेजंड्सने तर २०२४ मध्ये आधी दिलेला सपोर्ट काढून घेतला. म्हणून गेम आज चालतोय म्हणजे कायम चालेल असं धरून चालू नका. तांत्रिक अडचण असती तर इतके जण मिळून सोडवलीही असती, पण हा कंपन्यांच्या मर्जीचा प्रश्न आहे आणि तो आपल्या हातात नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

काउंटर स्ट्राइक २ आणि डोटा २ मात्र व्हॉल्व्हचे स्वतःचे, ते थेट लिनक्ससाठीच बनतात, प्रोटॉनही लागत नाही.

जीटीए ५?

स्टोरी मोड मस्त चालतो. जीटीए ऑनलाइन नाही, सप्टेंबर २०२४ मध्ये त्यात बॅटलआय आणला आणि लिनक्ससाठी चालू केला नाही. २०२० च्या मे महिन्यात एपिक या गेमच्या ऑनलाइन दुकानात हा गेम फुकट मिळाला होता तेव्हा बऱ्याच जणांनी घेऊन ठेवलाय, तो कसा चालवायचा ते खाली एपिकच्या प्रश्नात आहे. व्हाइस सिटी, सॅन अँड्रियास तर जुनी मशीनसुद्धा आरामात ओढतात.

आम्ही फुटबॉलवाले, फिफा नसेल तर लिनक्स काय कामाचं?

गोव्यात हा प्रश्न येणारच. फिफा २३ पासून ईएने स्वतःचं कर्नलवालं अँटी-चीट लावलंय, त्यामुळे फिफा २३ आणि त्यानंतरचे ईए एफसी लिनक्सवर सुरूच होत नाहीत, मित्राबरोबर एकाच सोफ्यावर बसून ऑफलाइन खेळायचं असलं तरी नाही. त्याच्या आधीचे बरेचसे चालतात, प्रत्येकाचं वेगळं बघावं लागतं. फुटबॉल मॅनेजर २०२४ छान चालतो, पण मला माहीत आहे की गोल मारायची हौस असलेल्याला ते सांगून उपयोग नाही. तुमच्या घरी रोज संध्याकाळी एफसी चालत असेल तर विंडोज ठेवा, नाहीतर दोन्ही ठेवा.

माझा गेम चालतो का हे आधीच कुठे कळेल?

प्रोटॉनडीबी नावाची साइट आहे. गेमचं नाव टाका, लोकांनी दिलेले रिपोर्ट दिसतात. प्लॅटिनम म्हणजे टाकला की चालला, गोल्ड म्हणजे थोडं काहीतरी बदलायला लागतं, सगळ्यात खाली बोर्क्ड म्हणजे विसरा. नुसता रंग बघून थांबू नका, खाली जाऊन ताजे रिपोर्ट वाचा आणि तुमच्यासारखंच कार्ड असलेल्याने काय लिहिलंय ते बघा. ऑनलाइन गेमसाठी आर वी अँटी-चीट येट ही वेगळी साइट आहे, तिथे कुठला चालतो कुठला नाही याची पूर्ण यादी मिळते.

आणि स्टीमवर घेतलेला गेम चाललाच नाही तर घाबरू नका. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात.

माझा पीसी जुना आहे. गोवा सरकारच्या सायबरएज योजनेतला लॅपटॉप कपाटात पडलाय, त्यावर होईल का?

लिनक्स नक्की चालेल, गेमचं मात्र ग्राफिक्सवर आहे. डीएक्सव्हीकेच्या नव्या आवृत्तीला व्हल्कन १.३ लागतं आणि जुन्या चिपांना ते जमत नाही. इंटेल सहाव्या पिढीचं किंवा त्याच्या पुढचं असेल तर प्रोटॉन सुरू होतो, हलके गेम होतात. चौथ्या पिढीचं किंवा त्याच्या मागचं असेल, किंवा एनव्हिडियाचं ६०० सीरिजचं कार्ड असेल, तर प्रोटॉनवर नव्या गेमच्या मागे लागू नका. अशा मशीनवर जुने गेम, एम्युलेटर आणि लिनक्सचेच फुकट गेम खेळा, त्यातही महिनोनमहिने जातील एवढं आहे.

पैसे थोडे असतील आणि डेस्कटॉप असेल तर सेकंडहँड एएमडी कार्ड बघा. आरएक्स ५८० जुनं आहे पण लिनक्सवर अजून छान चालतं, बजेट जरा वर असेल तर आरएक्स ६६००. एएमडीचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीच असतो, वेगळा काही टाकावा लागत नाही, कार्ड लावलं की झालं.

एनव्हिडिया असेल तर?

चालतं, पण कंपनीचा ड्रायव्हर टाकायला लागतो. लिनक्स मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडा, रेकमेंडेड लिहिलेला निवडा, रीस्टार्ट करा. सिक्युअर बूट चालू असेल तर रीस्टार्टला एक निळी स्क्रीन येऊन पासवर्ड विचारते, तिथे न वाचता पुढे गेलात तर ड्रायव्हर लोडच होत नाही आणि मग गेम सेकंदाला दोन-तीन फ्रेमवर रडत चालतो. डायरेक्टएक्स १२ च्या गेममध्ये विंडोजपेक्षा थोडे फ्रेम कमी मिळतात, हे मान्य करूनच चला. आणि १००० सीरिजवाल्यांनी लक्षात ठेवा, ५८० ही ड्रायव्हरची शेवटची शाखा आहे जी तुमच्या कार्डाला चालते, त्याच्या पुढची नको. १६५० वगैरे त्याच्यानंतरचे, त्यांना चिंता नाही.

लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात, इंटेलचं आणि एनव्हिडियाचं. गेम फार हळू चालत असेल तर सगळ्यात आधी बघा की तो इंटेलवर तर चालत नाहीये ना. मिंटच्या सिनॅमन आवृत्तीत स्टीमच्या आयकॉनवर राइट क्लिक केलं की डेडिकेटेड कार्डावर चालवायचा पर्याय मिळतो.

कुठलं लिनक्स टाकू?

यावर लोक दिवसभर भांडतात आणि नव्या माणसाला काहीच कळत नाही. माझं मत सरळ आहे. घरातले सगळे वापरतात, बिलं भरायची, मुलांचा अभ्यास, मधे मधे गेम, असं असेल तर लिनक्स मिंट. गेमसाठीच मशीन आहे, कार्ड बऱ्यापैकी नवं आहे तर बॅझाइट, त्यात स्टीम वगैरे आधीच असतं आणि अपडेटने काही बिघडलं तर बूट करतानाच आधीच्या अवस्थेत परत जाता येतं, फक्त अपडेट काही जीबीचे असतात तेव्हा नेट कसलं आहे ते बघून ठरवा. कॉलेजात शिकणारा, स्वतः खणून बघायची आवड असलेला असेल तर फेडोरा घे, नाहीतर कॅशीओएस, शिकायला मिळेल.

आणि दर आठवड्याला डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, बदलू नका. वेग त्याने फारसा बदलत नाही, ड्रायव्हर आणि प्रोटॉन सगळीकडे जवळपास तेच.

स्टीम टाकलं, पुढे काय करायचं?

उबुंटू नावाचं लिनक्स टाकलेल्यांनो, सॉफ्टवेअर सेंटरमधून येणारं स्टीम स्नॅप या वेगळ्या प्रकारच्या पॅकेजमधलं असतं, ते टाळा, स्टीमच्या साइटवरची डेब फाइल घ्या. मग सेटिंग्जमध्ये कम्पॅटिबिलिटीत जाऊन सगळ्या गेमसाठी प्रोटॉन चालू आहे का बघा, नव्या स्टीममध्ये आपोआप चालू असतो. गेम इन्स्टॉल करा, प्ले दाबा. बस. पहिल्यांदा "व्हल्कन शेडर्स" म्हणून काहीतरी चालत बसेल, ती ग्राफिक्सची आधीच केलेली तयारी असते, ते होऊ द्या, पुढे खेळताना झटके कमी बसतात.

एखादा गेम हट्ट करत असेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन दुसरी प्रोटॉन आवृत्ती निवडून बघा. जीई-प्रोटॉन म्हणून एक वेगळी आवृत्ती आहे, व्हॉल्व्हने न घेतलेल्या दुरुस्त्या त्यात असतात आणि काही गेममधले कटसीनचे व्हिडिओ तिच्यातच दिसतात. प्रोटॉनअप-क्यूटी नावाच्या ॲपने ती दोन क्लिकमध्ये येते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी हा आपल्याकडच्या पुराणकथांवरचा गेम स्टीमवर आहे, तो आवर्जून खेळा असं मी सगळ्यांना सांगतो.

एपिकवर इतके फुकट गेम गोळा केलेत, ते गेले का?

कुठे गेले नाहीत. हिरोइक गेम्स लाँचर टाका, एपिक, जीओजी आणि ॲमेझॉनचं अकाउंट त्यात जोडता येतं, तुमची लायब्ररी जशीच्या तशी दिसते. जीटीए ५ चा स्टोरी मोड तिथून चालेल. सीडीवरचे जुने गेम असतील तर ल्युट्रिस किंवा बॉटल्स ही ॲप वापरा.

डी ड्राइव्हवर विंडोजवाले गेम आधीच आहेत, तेच लिनक्समधून चालवले तर डाउनलोड वाचेल ना?

वाचेल असं वाटतं, पण नका करू. तो ड्राइव्ह एनटीएफएसचा, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि प्रोटॉन ज्या नावांच्या फाइल बनवतो त्या विंडोजला चालत नाहीत, मग गेम उघडत नाही, कधी ड्राइव्हच बिघडतो. शिवाय विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज पूर्ण बंदच होत नाही आणि लिनक्सला त्या ड्राइव्हवर लिहायला मिळत नाही. फोल्डर कॉपी करून ईएक्सटी४ वर, म्हणजे लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर आणा, स्टीमच्या स्टीमॲप्स-कॉमनमध्ये ठेवा आणि मग इन्स्टॉल दाबा, स्टीम आधीच्या फाइल ओळखतं आणि कमी असेल तेवढंच उतरवतं.

दोन्ही ठेवले तर?

उत्तम, जमलं तर दोन वेगळ्या एसएसडीवर ठेवा. एकाच डिस्कवर असेल तर विंडोजचा मोठा अपडेट कधी कधी स्वतःला पुढे आणून बसवतो आणि लिनक्स गायब झाल्यासारखं वाटतं, डेटा तिथेच असतो, बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये, बूटचा क्रम बदलला की परत येतं. काही करण्याआधी फोटो, प्रोजेक्ट, घराची कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा. गेम परत उतरवता येतात, ते फोटो येत नाहीत.

आमच्या गावात नेट बेताचं, साठ-सत्तर जीबी उतरवणार कधी?

सत्तरी तालुक्यात, पेडण्याच्या आतल्या भागात, काणकोणात हा प्रश्न खरा आहे. २०२३ पासून स्टीममध्ये एका घरातल्या एका पीसीवरून दुसऱ्यावर लोकल नेटवर्कने गेम घेता येतो, त्याला डेटा लागत नाही. म्हणजे पणजीत फायबर असलेल्या मित्राकडे लॅपटॉप नेऊन गेम उतरवून आणा आणि घरी डेस्कटॉपवर राउटरमधून सरकवा, दोन्हीकडे तुमचंच अकाउंट असलं की सोपं जातं. अपडेट रात्रीचे लावून ठेवायची सोय सेटिंग्जमध्ये आहे. मोबाइल हॉटस्पॉटवर असाल तर शेडर प्री-कॅशिंग बंद करा, त्यातही डेटा जातो.

पावसात लाइट सारखी जाते, लिनक्स खराब होणार नाही?

ईएक्सटी४ बऱ्यापैकी सहन करतं, अर्धवट लिहिलेलं सावरून घेतं, पण अपडेट चालू असताना लाइट गेली तर कुठलीच सिस्टीम खात्री देणार नाही. जून ते सप्टेंबर या दिवसांत यूपीएस हवाच, दहा मिनिटं मिळाली तरी सेव्ह करून नीट बंद करता येतं. मिंटमध्ये टाइमशिफ्ट असतं, ते पहिल्याच दिवशी चालू करा, सिस्टीम बिघडली की मागच्या दिवशीची परत आणता येते. स्टीम क्लाउड असलेल्या गेमचा सेव्ह वाचतो, नसेल त्याचा फोल्डर अधूनमधून पेनड्राइव्हवर घ्या. आणि वीज कडाडायला लागली की प्लग काढा, नेटची वायरसुद्धा, आपल्याकडे राउटर आणि लॅन पोर्ट त्याच वाटेने जळतात.

लॅपटॉप फार तापतो.

एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या खोलीत तापणारच, बाहेरची हवाच गरम आणि दमट. मँगोहड टाका, खेळताना कोपऱ्यात तापमान, फ्रेम, कार्ड किती वापरलं जातंय सगळं दिसतं, आणि त्यातूनच फ्रेम लिमिट करता येतात. स्क्रीन ६० हर्ट्झची असेल तर ६० च्या वर फ्रेम काढून काही मिळत नाही, नुसती उष्णता. जड गेम ४० वर बांधला तरी सुंदर दिसतो आणि पंखा शांत होतो. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी वर्षातून एकदा मशीन उघडून साफ करून घ्यावं, खारी हवा पंखा आणि पोर्ट दोन्ही खाते.

कंट्रोलर चालतात का?

एक्सबॉक्सचा वायरने लावला की लगेच. प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरचा ड्रायव्हर तर सोनीनेच लिनक्समध्ये दिलाय. स्वस्तातले लोकल कंट्रोलर बहुतेक एक्सबॉक्सची नक्कल करतात, तेही चालतात, मागे मोडचा स्विच असेल तर एक्स-इनपुटवर ठेवा.

क्रॅक केलेले गेम चालतील का?

यात मी मदत करत नाही. त्या इन्स्टॉलरबरोबर काय काय येतं ते कोणालाच माहीत नसतं, आणि वाइनमध्ये चालवलेल्या प्रोग्रॅमला तुमच्या होम फोल्डरमधलं सगळं दिसतं, बँकेची कागदपत्रंसुद्धा. स्टीमवर किमती रुपयांत आहेत, सेलमध्ये चांगले चांगले गेम एका जेवणाच्या थाळीच्या भावात मिळतात. थांबा आणि सेलमध्ये घ्या.

फुकट आणि चांगलं काय आहे? चवथीला सगळी भावंडं जमतात तेव्हा खेळायला?

सुपरटक्सकार्ट! एकाच स्क्रीनचे भाग करून चौघं खेळू शकतात, जुन्या मशीनवर चालतो, लहान-मोठे सगळे खूश. हेजवॉर्सही पाळीपाळीने खेळायला मजेचा. मोठ्यांना डोकं लावायचं असेल तर ०ए.डी. घ्या, त्यात मौर्यांचं साम्राज्य खेळता येतं, हत्तींसकट. ओपनटीटीडीमध्ये रेल्वे आणि बस चालवायच्या, एकदा बसलात की मध्यरात्र कधी झाली कळत नाही. माइनक्राफ्ट जावा प्रिझम लाँचरने चालतं, पण ते विकत घ्यावं लागतं, पैसे नसतील तर लुआंटी आहे, आधी त्याला माइनटेस्ट म्हणायचे. अगदी छोट्यांसाठी जीकॉम्प्री, दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी शंभरावर खेळ, अक्षरं, आकडे, माउस धरायला शिकणं. ज्या आईबाबांना गेम म्हटलं की भीती वाटते त्यांना मी हेच आधी दाखवतो.

सगळं केलं, तरी गेम उघडत नाही. तुम्हाला विचारू का?

विचारा, नक्की विचारा, पण "चालत नाही" एवढंच लिहून पाठवू नका. गेमचं नाव, तो स्टीमवरचा की एपिकवरचा, कुठलं लिनक्स आणि कुठली आवृत्ती, ग्राफिक्स कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर, प्रोटॉन कुठला निवडलाय, गेम कुठल्या ड्राइव्हवर आहे, एवढं सांगा. स्टीमच्या हेल्प मेनूत सिस्टीम इन्फर्मेशन आहे, ते सगळं कॉपी करून पाठवलंत तर अर्धं काम तिथेच होतं. आधी चालत होता आणि आज बंद पडला असेल तर काल काय अपडेट झालं तेही लिहा.